चुंबक ओढतो हे सगळेच सांगतात, ढकलतो ते दाखवा

तुमचे प्रश्न तीन दिसतायत. मुलगी चौथीत आहे, तिने फ्रिजवरचं मॅग्नेट घेऊन घरभर फिरवलं आणि आता ती विचारतेय की एक स्टीलचा डबा त्याला चिकटतो, शेजारचा तसाच दिसणारा का नाही. दुसरं, होकायंत्र उत्तर कसं दाखवतं हे तिला कळेल असं कसं सांगायचं. आणि तिसरं, ऑनलाइन मिळतं ते महागडं मॅग्नेट किट घ्यावं का. मी पुण्यात शाळकरी मुलांच्या विज्ञान कार्यशाळा घेते आणि चुंबक हा विषय आमच्याकडे दर वर्षी असतोच, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

डब्यापासून सुरू करू, कारण बहुतेक आईबाप तिथंच अडकतात. "चुंबक धातू ओढतो" हे वाक्य आधी डोक्यातून काढून टाका. तांब्याचा गडू, पितळेचा डबा, ॲल्युमिनियमचा कुकर, चांदीचे पैंजण, कशालाच चुंबक लागत नाही. मुलांच्या पातळीवर तीनच धातू लक्षात ठेवायचे, लोखंड, निकेल आणि कोबाल्ट, आणि त्यातलं घरात सगळीकडे भेटतं ते लोखंडच. आता स्टेनलेस स्टीलमधे सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच असतं, मग डबा चिकटायला हवा ना? इथं गंमत आहे. आपल्या भांड्यांच्या एका प्रकारात साधारण अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल घातलेलं असतं, त्या निकेलमुळे आतल्या अणूंची रचनाच बदलते, आणि त्या नव्या रचनेत लोखंड असूनही चुंबकाला दाद मिळत नाही. निकेल न घातलेल्या क्रोमियमवाल्या स्टीलमधे ती रचना साध्या लोखंडासारखीच राहते, म्हणून तो डबा चिकटतो. म्हणजे बघा, निकेल स्वतः चुंबकाला चिकटणारा धातू, पण तोच स्टीलमधे मिसळला की चिकटणं बंद. मुलांना हे सांगितलं की ती आधी "काय पण!" असा चेहरा करतात, करू द्या.

अजून एक बारीक गोष्ट, ती तिला स्वतःला शोधू द्या. न चिकटणाऱ्या डब्याच्या तळाला मॅग्नेट लावा, काही नाही, आता वळवलेल्या काठावर किंवा जिथं पत्रा खोल दाबून वाकवलाय त्या कोपऱ्यावर लावा, कधी कधी हलकासा ओढा जाणवतो. पत्रा दाबताना, वाकवताना तिथली रचना थोडी बदललेली असते म्हणून. आणि हो, भांड्याच्या दुकानात "मॅग्नेट चिकटला म्हणजे स्टील हलकं" असं छातीठोकपणे सांगतात ना, त्यावर फार विसंबू नका, कारण निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. उलट इंडक्शनच्या शेगडीवर चालणाऱ्या भांड्याच्या बुडाला चुंबक चिकटायलाच पाहिजे. त्यामुळे चिकटणं चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे.

नाण्यांचा खेळ याला जोडूनच घ्या. हल्लीचं एक रुपयाचं स्टीलचं नाणं टचकन चिकटतं, पाच रुपयांचं पिवळसर नाणं चिकटत नाही. आणि आजीच्या डब्यात जुनी नाणी असतील तर मजाच, १९६० च्या दशकातला रुपया निकेलचा होता, तो चिकटतो, आणि १९८० च्या दशकातला रुपया पंचाहत्तर टक्के तांबं आणि पंचवीस टक्के निकेल, तो ढिम्म हलत नाही. दोन्ही नाणी चंदेरीच दिसतात, हातात घेऊन फरक सांगता येत नाही, चुंबक सांगतो. फक्त एक नियम पाळा, चुंबक लावायच्या आधी वहीत अंदाज लिहायचा, चिकटेल की नाही, आणि मग लावायचा. अंदाज न लिहिता नुसता चुंबक फिरवला की मुलं नंतर "मला माहीतच होतं" म्हणतात, आणि तिथं शिकणं संपतं.

आता मुद्द्याचं. सगळी पुस्तकं, सगळी किटं, सगळे यूट्यूबवाले ओढण्यापासून सुरू करतात आणि ओढण्यावरच थांबतात, सजातीय ध्रुवांत प्रतिकर्षण, म्हणजे चुंबकांची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात, हे एका ओळीत येतं आणि परीक्षेत एक मार्काला विचारलं जातं. माझं मत याच्या बरोबर उलट आहे. चुंबकाची खरी ओळख ढकलण्यात आहे. कारण ओढलं गेलं यावरून काय कळतं? दोन्हीपैकी एक तरी चुंबक आहे इतकंच. खिळा चुंबकाकडे ओढला जातो, म्हणून खिळा काही चुंबक नाही. पण दोन वस्तूंनी एकमेकींना ढकललं तर दोन्ही चुंबक आहेत, तिथं शंकाच नाही. लोखंडाचा साधा तुकडा चुंबकाला कधीच ढकलत नाही, कुठल्याही बाजूने धरा.

यासाठी स्पीकरमधे असतात तसे काळे चकती चुंबक घ्या, मधे भोक असलेले. त्यांचे ध्रुव कडेला नसतात, सपाट बाजूंवर असतात, एक बाजू उत्तर आणि दुसरी दक्षिण. पेन्सिल उभी धरा आणि तीन-चार चकत्या त्यात अशा ओवा की शेजारच्या दोघी एकमेकींना ढकलतील, चकत्या हवेत तरंगतात. मग तिला वरच्या चकतीवर बोटाने दाबायला सांगा. अदृश्य स्प्रिंग हाताला लागते आणि ते जाणवणं कुठल्याही व्हिडिओतून मिळत नाही. वरून खाली फटींकडे नीट बघायला सांगा, सगळ्या सारख्या नसतात, सगळ्यात खालची फट सगळ्यात लहान असते कारण तिच्यावर वरच्या सगळ्यांचं वजन. चौथीची मुलं हे स्वतः शोधून काढतात, सांगायला लागत नाही. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी जी साधी खेळणी लोकांपर्यंत पोचवली त्यात चकती चुंबकांवर आडवी तरंगणारी पेन्सिल आहे, तीही करून बघा, टोक एका काचेला किंवा सीडीला टेकवावं लागतं. का टेकवावं लागतं, नुसते चुंबक पेन्सिलीला सगळ्या बाजूंनी स्थिर का धरू शकत नाहीत, हा प्रश्न तिला पाडून सोडून द्या, घाईने उत्तर देऊ नका.

ढकलणं हाताला बसलं की एक कोडं घाला, आमच्याकडे सगळ्यात आवडतं आहे. एक पट्टी चुंबक आणि तेवढीच लोखंडी पट्टी, दोन्ही सारख्या कागदात गुंडाळलेल्या, खोलीत दुसरं काहीही वापरायचं नाही, सांगा चुंबक कुठला. टोकाला टोक लावलं तर ओढतातच, काही कळत नाही. युक्ती अशी की एकीचं टोक दुसरीच्या बरोबर मध्याला लावायचं. चिकटलं तर जिचं टोक लावलं ती चुंबक, कारण पट्टी चुंबकाचा जोर टोकांना असतो, मध्यावर जवळजवळ नसतो. मुलं पंधरा मिनिटं भांडतात यावर, आणि मध्याला जोर नसतो हे परत कधी विसरत नाहीत.

यावरून पुढचा प्रश्न हमखास येतो, मग मधून तोडला तर? एक तुकडा उत्तर आणि एक दक्षिण? नाही. दोन्ही तुकड्यांना दोन्ही ध्रुव, आणि त्यांचे तुकडे केले तरी तेच, एकटा ध्रुव असा हातात येतच नाही. चकती पडून फुटली की फेकू नका, हे दाखवायला तीच वापरा. कारण विचारलं तर मी एवढंच सांगते: लोखंडाच्या आत चिमुकले भाग असतात आणि प्रत्येक भाग मुळात चुंबकच असतो, पण साध्या खिळ्यात प्रत्येकाचं तोंड भलतीकडे. ढोल पथकाच्या पहिल्या दिवसाचा सराव आठवा, नदीपात्रात प्रत्येक जण आपापल्या तालात बडवतोय, नुसता गोंगाट. सगळे एका ठेक्यावर आले की मग छातीत धडकतं. खिळ्यावर चुंबक घासला की आतल्यांची तोंडं एका दिशेला येतात आणि खिळा चुंबक होतो, खिळा तापवला किंवा हातोडीने ठोकला की परत विस्कटतात. लोखंड साधारण ७७० अंश सेल्सियसला तापलं की चुंबकाला ओळखतच नाही. हे भाग का तयार होतात, इलेक्ट्रॉनचं काय चालतं, ते चौथीला नको, आठवी-नववीत बघू.

आता होकायंत्र. विकतचं आणायच्या आधी घरी करा. शिवणाची सुई घ्या, चुंबकाच्या एका टोकाने तिच्यावर एकाच दिशेने तीस-चाळीस वेळा घासा, प्रत्येक वेळी हात उचलून परत सुरुवातीला न्यायचा, मागे-पुढे घासायचं नाही, नाहीतर केलेलं सगळं पुसलं जातं. मग थर्माकोलच्या छोट्या तुकड्यावर सुई ठेवून पाण्यावर सोडा. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं घ्या, स्टीलचं नको, आता ते का हे तिलाच विचारा. सुई हळूहळू फिरून उत्तर-दक्षिण थांबते, हलवली तरी परत तिथंच येते. फ्लॅटमधे करत असाल तर कॉलमजवळ, खिडकीच्या ग्रिलजवळ किंवा लोखंडी कपाटाजवळ करू नका, भिंतीतल्या सळ्या सुईला भलतीकडे खेचतात. दोन-तीन खोल्यांत करून वेगवेगळी उत्तरं आली की सोसायटीच्या बागेत किंवा टेकडीवर मोकळ्या मातीत जाऊन करा, हा फरक दिसणं हाच अर्धा धडा आहे. फोनमधलं कंपास ॲपही शेजारी ठेवून बघा आणि फोनजवळ चुंबक आणला की ते कसं वेड्यासारखं फिरतं तेही बघा.

उत्तर कसं दाखवतं याचं सोपं उत्तर, पृथ्वी स्वतः चुंबकासारखी वागते. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली हे मांडलं, त्याने चुंबक दगडाचा गोळा करून त्यावर सुई फिरवून बघितली होती. याच गिल्बर्टने लसूण चोळला की चुंबकाचा जोर जातो हा जुना समजही खोडून काढला. तुम्हीही करा, एक पाकळी चोळा आणि टाचण्या मोजा, आधी किती उचलल्या आणि नंतर किती. मुलांना "लोक म्हणतात म्हणून" आणि "आम्ही मोजलं म्हणून" यातला फरक इतका स्वस्तात दुसऱ्या कशानं दाखवता येत नाही (हाताला वास येतो तेवढाच तोटा).

इथं एक चमत्कारिक प्रश्न निघतो, तो टाळू नका. सुईचं उत्तर टोक उत्तरेकडे ओढलं जातं, आणि विजातीय ध्रुवच एकमेकांना ओढतात, मग पृथ्वीच्या उत्तरेला कुठला ध्रुव? चुंबकाच्या भाषेत दक्षिण. हो, खरंच. सुईच्या टोकाला उत्तर म्हणायचं ठरलं ते उत्तरेकडे तोंड करतं म्हणून, बाकी काही नाही. आणि हुशार पोरगी असेल तर ती विचारेल की पृथ्वीच्या पोटात तर प्रचंड उष्णता आणि तापवलं की चुंबक बिघडतो, मग? तर पोटात काही पट्टी चुंबक पुरलेला नाही, तिथं वितळलेलं लोखंड सतत फिरत असतं, त्यात विजेचे प्रवाह वाहतात आणि त्यातून हे चुंबकत्व येतं.

वीज आणि चुंबक यांचं नातं १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं, तारेतून वीज सोडली आणि शेजारची चुंबकसूची हलली. आपल्याकडे याची एक झकास गोष्ट आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या, पण विजेवर चालणाऱ्या ट्रामा येणार म्हटल्यावर त्यांच्या तारांतल्या प्रवाहाने मोजमाप बिघडणार होतं, म्हणून १९०४ मधे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. ती आजही आहे. अलिबागला समुद्रावर जाल तेव्हा तिला बाहेरून तरी दाखवा, शहाळं काय नंतरही मिळतं.

आणि पुण्यात राहून एक गोष्ट केली नाही तर पाप लागेल. खडकवासल्याला नाहीतर पावसाळ्यानंतर रस्त्याच्या कडेला जी काळसर वाळू साचते तिथं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा. काळ्या कणांच्या मिशा फुटतात पिशवीला. पिशवी हवीच, नाहीतर ते कण चुंबकावरून काढता काढता संध्याकाळ होते, पिशवीतून चुंबक बाहेर काढला की सगळे खाली पडतात. हे मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजाचे कण, आपल्या काळ्या बेसॉल्टमधून झिजून आलेले. हा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो थंड होताना त्यातल्या या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली आणि ती आजही तशीच आहे. १९५० च्या दशकात या दगडांचं चुंबकत्व मोजलं तेव्हा दिसलं की ते तयार झाले तेव्हा आपली जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. कसं कळलं? मोकळी टांगलेली सुई नुसती उत्तरेकडे बघत नाही, ती जमिनीकडे झुकतेही, पुण्यात साधारण पंचवीस अंश, ध्रुवाकडे जावं तसं जास्त, चुंबकीय विषुववृत्तावर शून्य, आणि ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. दगडातल्या कणांचा झुकाव मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. वर सह्याद्रीतल्या बऱ्याच थरांत दिशा चक्क उलटी आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. सिंहगड चढताना पोरीला हे सांगा, पायऱ्या मोजत कुरकुर करण्यापेक्षा बरं.

राहिला किटचा प्रश्न. घेऊ नका, निदान आत्ता तरी. त्यातला निम्मा माल रंगीत प्लास्टिक असतो आणि पुस्तिकेत प्रत्येक प्रयोगाचं उत्तर आधीच छापलेलं असतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जा, चकती चुंबक सुटे मिळतात, सहा-आठ घ्या. पट्टी चुंबकाची जोडी शाळेचं प्रयोगसाहित्य विकणाऱ्या दुकानात मिळेल. जुना बिघडलेला स्पीकर रविवारी जुन्या बाजारात मिळाला तर त्यातला मोठा चुंबक काढून घ्या. लोखंडाचा कीस लेथवाल्या वर्कशॉपमधून आणा, भोसरी-चिंचवडला ओळखीचं कोणी असेलच, आणि तो उघडा कधीही देऊ नका, डोळ्यात गेला तर भारी पडतं. पारदर्शक बाटलीत गोडं तेल भरून त्यात चिमूटभर टाका, झाकण घट्ट लावा आणि बाहेरून चुंबक लावा, बलरेषा, म्हणजे चुंबकाच्या जोराची दिशा दाखवणाऱ्या रेषा, कागदावर सपाट दिसतात त्यापेक्षा इथं सगळ्या बाजूंनी उभ्या राहिलेल्या दिसतात. आणि फ्रिजवरची रबरी जाहिरातवाली मॅग्नेटं टाकू नका, त्यांचे दोन तुकडे काळ्या बाजूने एकमेकांवर ठेवून सरकवा, एका दिशेला मऊ सरकतात, दुसऱ्या दिशेला टकटक अडकतात. त्यात उत्तर-दक्षिणच्या बारीक पट्ट्या आळीपाळीने असतात, त्या बोटांना कळतात.

विद्युतचुंबक, म्हणजे वीज सोडली की चुंबक होणारा खिळा, करायचा असेल तर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून थोडी वाइंडिंग वायर मागून आणा, मोठ्या खिळ्यावर शंभरेक वेढे घाला आणि दोन्ही टोकांवरचा लेप पॉलिश पेपरने खरवडा, नाहीतर काहीच होत नाही आणि मुलं हिरमुसतात. एक साधा सेल पुरतो, दोन-तीन सेकंदच जोडायचा कारण तार आणि सेल दोन्ही तापतात. घरातल्या प्लगचा विचारसुद्धा करायचा नाही, हे तिला तीनदा सांगा.

एका बाबतीत मात्र मी अजिबात ऐकून घेत नाही. चकचकीत चंदेरी छोटे निओडिमियम चुंबक आणि त्यांच्या गोळ्यांची खेळणी लहान मुलं असलेल्या घरात नकोत. एक गिळला तर एक वेळ निघून जाईल, पण दोन गिळले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांतून ते एकमेकांना धरतात, मधली भिंत चिमटते आणि भोक पडू शकतं. संशय जरी आला तरी वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. घरात कोणाला पेसमेकर असेल तर मोठे चुंबकही त्यांच्यापासून लांब. सातवी-आठवीत गेली की एक मोठासा निओडिमियम तुमच्यासमोर वापरू द्या, ॲल्युमिनियमच्या पडद्याच्या नळीतून खाली सोडा, ॲल्युमिनियमला चिकटत नाही हे तिला तोवर पक्कं माहीत असेल, आणि तरी तो नळीतून रेंगाळत रेंगाळत खाली येईल.

ठेवताना पट्टी चुंबक जोडीने ठेवा, विरुद्ध ध्रुव शेजारी आणि दोन्ही टोकांना लोखंडी तुकडे, म्हणजे जोर टिकतो. काळी पट्टी असलेली जुनी कार्डं त्या खणात ठेवू नका.